सौजन्य प्रोटोकॉल

१ जानेवारी २०२५

संकल्प : यंदा पीएचडी.

गेल्या वर्षीही हाच होता. पण गेल्या वर्षी पर्याय होते, यंदा नाहीत. युनिव्हर्सिटीने तिसरं आणि शेवटचं एक्स्टेन्शन दिलंय. तीस एप्रिल, संध्याकाळी पाच. त्याआधी थिसिस पोर्टलवर चढला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द आणि अकरा वर्षं पाण्यात. शिवाय कॉलेजच्या मॅनेजमेंटने नोटीस लावलीय की पीएचडी नसलेल्यांना जूनपासून डिप्लोमाच्या पोरांवर सोडणार. नोटिशीत नाव कोणाचंच नाही. पण आमच्या डिपार्टमेंटात पीएचडी नसलेले जुने लोक म्हणजे, मी धरून, मीच.

चार महिने आहेत. भरपूर.

माझी बायको उत्तरा म्हणाली, तिला काहीतरी बोलायचंय. मी म्हटलं, शनिवारी निवांत बसू, आत्ता एक महत्त्वाचं वाक्य चाललंय.

५ जानेवारी

शनिवार होऊन गेला. वाक्य अजून चालू आहे.

विषय इथे मांडून ठेवतो, म्हणजे मलाही स्पष्ट होईल. पुढच्या पिढीच्या नेटवर्कात फोन हे किरकोळ गिऱ्हाईक असणार. विजेची मीटरं, फ्रिज, घड्याळं, गटाराच्या झाकणाखालचे सेन्सर, सगळे मिळून एकाच टॉवरला हाका मारणार. दोघांनी एकाच क्षणी हाक मारली की टक्कर होते आणि टॉवरला दोघांचंही कळत नाही. यावर जगाने काढलेला उपाय काय? तर जरा थांबा आणि पुन्हा ओरडा. म्हणजे आमच्या मुलुंडच्या सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग.

माझा उपाय सुसंस्कृत आहे. सौजन्य प्रोटोकॉल. यंत्राने बोलण्याआधी हळूच खाकरायचं. त्याच वेळी दुसरं कोणी खाकरलं तर 'आधी तुम्ही' म्हणून मागे व्हायचं. ही कल्पना मला गोरेगावला मामेबहिणीकडे सुचली. ताटलीत शेवटचा बटाटेवडा होता आणि भोवती आम्ही सगळी भावंडं. अर्धा तास झाला तरी एकही टक्कर नाही. वड्याचं पुढे काय झालं ते आठवत नाही. गार झाला असावा.

७ जानेवारी

गाईडला फोन. माझा पहिला गाईड रिटायर झाला, दुसरा कॅनडाला गेला, तिसरा हा अनिरुद्ध. माझाच विद्यार्थी. सिग्नल्सच्या पेपरात मी त्याला नापास करून केटी दिली होती, म्हणजे त्याच्या यशाचा पाया मीच घातला. आता अंधेरीला मोठ्या कॉलेजात प्रोफेसर आहे. अजूनही बोलताना उभा राहत असावा असं वाटतं. सर, चॅप्टर टू पुन्हा लिहावा लागेल सर. सर, ही आकृती उलटी आहे सर. इतक्या आदराने माझी वाट आजवर कोणी लावली नव्हती.

त्याचं म्हणणं, आता नुसतं कॉम्प्युटरवरचं गणित पुरणार नाही, खरी यंत्रं लावून मोजमाप दाखवा. मी म्हटलं, माझ्या मनात तेच होतं. (नव्हतं.)

१४ जानेवारी

कॉलेजात सिग्नल मोजायचं धड मशीन एकच आहे. आजपासून ते माझ्या नावावर बुक होतं. लॅबमध्ये गेलो तर दारात ऋता. आमच्याच डिपार्टमेंटातली, माझ्या निम्म्या वयाची, हिचंही पीएचडी चाललंय. तिळगूळ दिला आणि म्हणाली, सर, मला दहा दिवस मशीन मिळेल का, तुम्हाला घाई नसेल तर.

घाई आहे असं म्हणणं संशोधकाला शोभत नाही. म्हटलं, आधी तुम्ही.

तिने 'थँक्यू सर' म्हणेपर्यंत मशीनची वायर गुंडाळलेली होती.

२६ जानेवारी

मशीन अर्थातच परत आलेलं नाही. मागणं बरं दिसत नाही. तिला कळायला हवं.

पण मी स्वस्थ बसलेलो नाही. लॅमिंग्टन रोडवरून पाच स्वस्त रेडिओ बोर्ड आणले आणि घरातच नेटवर्क उभारलं. एक बाल्कनीत, एक फ्रिजवर, एक देव्हाऱ्यामागे, एक बाथरूमच्या माळ्यावर, एक गंधालीच्या खोलीत. हॉलमधल्या शोकेसवर टॉवर. टक्कर झाली की टॉवरवर लाल दिवा लागणार.

गंधाली, आमची कन्या, अंधेरीला कुठल्याशा अॅपच्या कंपनीत आहे. तिने दहा मिनिटांत तिचा बोर्ड चपलांच्या कपाटावर आणून ठेवला. म्हणाली, बाबा, माझ्या खोलीत खाकरणारं कोणी नको. यंत्र खाकरतं ते रेडिओलहरीत, कानाला ऐकू येत नाही, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, ते तर आणखी वाईट.

उत्तराने पुन्हा विचारलं, बोलायचं का. म्हटलं, मोजमाप सुरू झालंय, घरात जितकी शांतता असेल तितकं बरं. ती 'बरं' म्हणाली. तिचा स्वभाव मुळातच प्रोटोकॉलला पोषक आहे.

९ फेब्रुवारी

यश!

सलग दोन आठवडे लाल दिवा एकदाही लागलेला नाही. एकही टक्कर नाही. पृथ्वीवरच्या कुठल्याही नेटवर्कला हे जमलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एखाद्या तक्त्यात खालपासून वरपर्यंत शून्य आलं आणि ते चांगल्या अर्थाने.

पेढे आणले. शेजारच्या नंदकिशोरना दिले, ते सोसायटीचे खजिनदार. त्यांनी विचारलं, यामुळे लिफ्टमध्ये रेंज येईल का? मी म्हटलं, मूलभूत संशोधनाला असे प्रश्न विचारायचे नसतात. त्यांनी दुसरा पेढा घेतला.

११ फेब्रुवारी

अनिरुद्धला सगळा डेटा पाठवला होता. फोन आला. आधी तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाला, "सर, टक्कर शून्य आहे, पण मेसेज किती पोचले?"

ते मी पुढच्या चॅप्टरसाठी ठेवलं होतं.

बघितलं. एकही पोचलेला नाही. पाचही बोर्ड एकाच वेळी खाकरतात, एकाच वेळी 'आधी तुम्ही' म्हणून मागे होतात, एकाच वेळी पुन्हा पुढे येतात. दोन आठवडे. बाल्कनीतला तर ऊन खात हेच करतोय.

अनिरुद्ध हळूच म्हणाला, सर, रिकाम्या रस्त्यावर अपघात होत नाहीत हे खरं आहे सर.

हा मुलगा केटीच्या लायकीचाच होता.

१२ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला आणि लक्षात आलं की हे अपयश नाहीच. विजेची बचत बघा. न बोलणाऱ्या यंत्राची बॅटरी वर्षानुवर्षं टिकेल. 'ऊर्जा-कार्यक्षम मौन' या नावाने स्वतंत्र चॅप्टर होऊ शकतो. अनिरुद्धला कळवलं. त्याने अंगठा पाठवला. तो वर होता, पण त्यात जोर नव्हता.

२२ फेब्रुवारी

जुहूच्या हॉटेलात कॉन्फरन्स. 'उद्याचं वायरलेस जग'. माझं भाषण जेवणाच्या आधी होतं. माझ्या नंतरचे वक्ते बंगलोरचे, त्यांना फ्लाइट पकडायची होती. दारातच भेटले, घड्याळ बघत. काय करणार.

त्यांच्या नंतर प्रश्नोत्तरं. मग जेवण. जेवणानंतर हॉलमध्ये कोणाच्यातरी संगीताची तालीम होती, पण मॅनेजर सज्जन निघाला, त्याने मला दहा मिनिटं दिली. श्रोते : फुलांच्या माळा लावणारे तिघं आणि ढोलकीवाला. ढोलकीवाल्याने फार चांगला प्रश्न विचारला, मध्ये मध्ये तुम्ही थांबता कशाला?

बायोडेटात लिहिलं : निवडक श्रोत्यांसमोर सादरीकरण.

८ मार्च

अनिरुद्धने मार्ग सुचवला आहे. म्हणाला, सर, प्रत्येक बोर्डात थोडा हट्ट घाला. दुसऱ्याचं खाकरणं ऐकू आलं तरी दहापैकी तीन वेळा त्याने ऐकायचंच नाही, सरळ बोलून टाकायचं.

मी याला 'उद्धटपणा गुणांक' असं नाव दिलं. मनाविरुद्ध. शून्य म्हणजे संत, एक म्हणजे नंदकिशोर पार्किंगच्या विषयावर.

०.१ ठेवून पाहिला. मलाच कसंतरी झालं. पुन्हा ०.०५ केला. काहीच हललं नाही. उत्तराने जेवताना ऐकून घेतलं आणि म्हणाली, भाजीवाल्याकडे तू उभा राहतोस तेव्हा तुझा गुणांक काय असतो रे? मी म्हटलं, मी रांगेचा आदर करतो. ती म्हणाली, तिथे रांग नसते.

३० मार्च, गुढीपाडवा

आज सबमिट करायचं ठरलं होतं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, सोडायचा नव्हता. पण थिसिसला अजून शेवटचे दोन चॅप्टर नाहीत. बाकी सगळं तयार आहे, आभारसुद्धा.

ऋताने परवा सबमिट केला. मशीन परत केलं, बरोबर श्रीखंडाचा डबा. आभारांत माझं नाव घातलंय म्हणाली. सरांच्या सौजन्यामुळे.

१७ एप्रिल

झाला. थिसिस झाला.

शेवटी गुणांक ०.३ केला. डोळे मिटून केला. पाचही बोर्ड बोलायला लागले. लाल दिवा अधूनमधून लागतो, पण मेसेज पोचतात. निष्कर्ष : माझी पद्धत पन्नास वर्षांपूर्वीच्या 'थांबा आणि पुन्हा ओरडा' पद्धतीपेक्षा किंचित कमी वाईट आहे. अनिरुद्ध म्हणाला, सर, किंचित पुरतं, पीएचडी किंचितवरच मिळते, आजच टाका. गंधालीने दोन रात्री बसून सगळे तक्ते सरळ केले. उत्तराने स्पेलिंगं तपासली आणि 'ऊर्जा-कार्यक्षम मौन' हा चॅप्टर काढायला लावला. म्हणाली, त्यातलं घरात पुरेसं आहे.

उद्याच चढवतो.

१८ एप्रिल

कॅलेंडर सहज पाहिलं. तीस तारखेला अक्षय्य तृतीया आहे. शेवटचा दिवस आणि मुहूर्त एकाच दिवशी! त्या दिवशी केलेलं काम क्षय पावत नाही. अकरा वर्षं थांबलो, बारा दिवसांनी काय होतंय.

मी अंधश्रद्ध नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे. पण चांगला दिवस फुकट मिळत असेल तर न घेणं हा उद्धटपणा झाला.

गंधाली म्हणाली, बाबा, अक्षय्य म्हणजे जे कधीच संपत नाही ते ना? मग नीट विचार कर.

ऋता लॅबमध्ये भेटली. तीही म्हणाली, सर, टाकून द्या हो, मुहूर्तबिहूर्त काय. हल्लीच्या मुलांना धीर नाही.

३० एप्रिल, सकाळी नऊ

आंघोळ, पूजा. लॅपटॉपला हळदकुंकू. उत्तराने रजा घेतलीय, पुरण शिजतंय.

पोर्टल उघडलं. अर्धं पान आलं आणि चक्र फिरत बसलं. सगळ्या युनिव्हर्सिटीने आजच मुहूर्त धरलेला दिसतोय.

सकाळी साडेदहा

चक्र. गंधाली ऑफिसला निघताना म्हणाली, बाबा, सोडू नको, दाबत राहा. उत्तरा म्हणाली, मी दाबते, तू पुरण बघ. अनिरुद्धचाही फोन. म्हणाला, "सर, तुमच्याच थिसिसमध्ये लिहिलंय, ०.३. तेवढा तरी उद्धटपणा करा ना सर, प्लीज."

तिघांनाही मूळ मुद्दा कळलेला नाही. एक सर्व्हर, आणि सगळे एकदम हाका मारतायत. हीच तर टक्कर. मी अकरा वर्षं जिच्यावर काम केलं ती समस्या आज माझ्या डायनिंग टेबलवर आलीय, आणि हे लोक मला आरडाओरडा करायला सांगतायत.

दुपारी बारा

सुचलं!

शेवटच्या तारखेला अडकलेल्या उमेदवारांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, 'थिसिसग्रस्त'. सकाळपासून नुसती रडारड. त्यावर मी लिहिलं : मित्रहो, सगळ्यांनी एकदम दाबलं तर कोणाचंच जाणार नाही. मी क्रम लावतो. एका वेळी एकानेच दाबायचं, झालं की 'झालं' लिहायचं, मग पुढचा. बाकीच्यांनी हात बाजूला.

आधी वाटलं कोणी ऐकणार नाही. पण बुडत्याला काय. पहिल्या नंबरवर बोरिवलीच्या एक बाई, कडेवर बाळ घेऊन बसलेल्या. तीन मिनिटांत त्यांचं 'झालं' आलं. त्यांनी एवढे हात जोडले की स्क्रीनवर दुसरं काही दिसेना.

दुपारी अडीच

झालं. झालं. झालं. एकामागून एक. शून्य टक्कर आणि सगळे मेसेज पोचतायत! पाच बोर्डांना जे जमलं नाही ते मराठी माणसांना जमतंय. फरक एवढाच की इथे मध्ये एक वाढपी आहे. तो मी. हे कोणत्याही पेपरात नाही. हाच माझा हरवलेला शेवटचा चॅप्टर.

उत्तरा दोनदा येऊन विचारून गेली, तुझा नंबर कितवा? मी म्हटलं, पंगतीत वाढपी शेवटी बसतो.

ती आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

दुपारी चार

सगळ्यांचं झालं. पुढचा नंबर माझा. दाबणार, इतक्यात ग्रुपवर नवीन माणूस, देवव्रत म्हणून, घाटकोपरचा. सर, आत्ताच कळलं, मी तुमच्यानंतर लावू का नंबर?

नवखा माणूस, घाबरलेला. आपण यजमान.

उत्तरा माझ्या खांद्यामागून वाचत होती. म्हणाली, "श्याम, तू दाब. आत्ता."

मी तोपर्यंत टाईप केलेलं होतं.

पावणेपाच

देवव्रतच्या थिसिसमध्ये फोटो आहेत. पुष्कळ. फाइल चढतेय. तो दर मिनिटाला सॉरी सर लिहितो. मी दर मिनिटाला, सावकाश होऊ दे.

पाच वाजून गेल्यावर

देवव्रतचं 'झालं' पाचच्या ठोक्याला आलं. वर पेढ्याचं चित्र.

मी दाबलं. पान एका झटक्यात उघडलं. चक्र नाही, वाट बघणं नाही. इतकं मोकळं पोर्टल मी दिवसभरात पाहिलं नव्हतं. मधोमध स्वच्छ अक्षरात : मुदत संपली आहे.

मी दोनदा वाचलं. मग दाबत राहिलो. पंधरा-वीस वेळा तरी दाबलं असेल. गुणांक एक.

रात्री

ग्रुपवर सगळ्यांचे आभार आले. सर, तुमचं झालं ना? असं बाळवाल्या बाईंनी विचारलं. मी अंगठा पाठवला.

पुरणपोळी वाढताना उत्तराला म्हटलं, तुला जानेवारीपासून काहीतरी बोलायचं होतं ना, आता बोल, वेळ आहे.

ती म्हणाली, "हेच सांगायचं होतं, की सोडून दे. नाही झालं तरी चालेल. मला, गंधालीला, कोणालाच फरक पडत नाही रे. पण तू म्हणालास थांब."

मग सांगायचं का राहिलं, असं मी विचारलं. म्हणाली, तुझं वाक्य संपायची वाट बघत होते.

तूप वाढलं. आम्ही जेवलो. बोर्ड अजून लावलेलेच आहेत. शोकेसवर लाल दिवा अधूनमधून लागत होता.

५ मे

युनिव्हर्सिटीत विनंती अर्ज देऊन आलो. खिडकीवरच्या बाई सहानुभूतीने म्हणाल्या, त्या दिवशी बाकी सगळ्यांचं सुरळीत गेलं हो, तुमच्याकडेच काहीतरी प्रॉब्लेम असणार. अर्ज घेतला नाही.

कॉलेजची ऑर्डर आली. जूनपासून डिप्लोमा. खाली सही इनचार्ज हेडची, म्हणजे थिसिस टाकल्याबरोबर बढती मिळालेल्या ऋताची. तिने स्वतः येऊन दिली, आणि डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मीच तिला खुर्ची दिली.

डिप्लोमाच्या मुलांना मूलभूत कल्पना ताज्या दमाने शिकवता येतात. याकडे संधी म्हणून

(वाक्य उद्या पूर्ण करू.)

९ मे

अनिरुद्धचा फोन. आवाजात पहिल्यांदाच जोर. मी पाठवलेला 'थिसिसग्रस्त' ग्रुपचा सगळा दिवस त्याने तपासला. म्हणाला, सर, हे खरोखर नवीन आहे. सगळे माघार घेतात तिथे एकाने वाढपी व्हायचं, की अख्खं नेटवर्क चालतं. फक्त वाढपी उपाशी राहतो, तेवढं सुधारता येईल. अकरा वर्षांत तुम्हाला मिळालेला हा पहिला खरा रिझल्ट आहे सर.

मी अंघोळ न करताच टेबलाशी बसलो. उत्तराला हाक मारून सांगितलं. ती पदराला हात पुसत येऊन मागे उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी.

पेपर तो लिहिणार आहे, तेवढं इंग्रजी त्याचं चांगलं आहे. मोठ्या जर्नलला जाईल म्हणतो. क्षेत्रात असा नियम आहे की ज्याचं नाव पहिलं, त्याचाच पेपर. बाकीची नावं म्हणजे लग्नपत्रिकेतली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'.

मग त्याचा मेसेज आला : सर, पहिलं नाव कोणाचं टाकू?

उत्तराने काही म्हणायच्या आत बोटांनी उत्तर लिहिलं. आधी तुम्ही.

एका सेकंदात पोचलं. बरोबरच्या दोन्ही खुणा निळ्या. नेटवर्क आज झकास आहे.